पणजोबा कोणाचं देणं लागत होते? मुंबईत राहून घराण्याचा कागद शोधताना

पहिल्यांदा जुने कागद बघायला गेलो तेव्हा माझ्याकडे फक्त आडनाव होतं. खिडकीपलीकडच्या माणसाने चष्मा कपाळावर चढवून विचारलं, “गाव? तालुका? साल?” गाव मला माहीत होतं, तालुका ‘बहुतेक राजापूर’ आणि साल ‘शंभर वर्षांपूर्वीचं असेल काहीतरी’. तो हसला नाही, पण फॉर्म माझ्याकडे परत सरकवला. त्या दिवशी फुकट गेलेल्या अर्ध्या रजेत मला एवढं कळलं की दप्तरखाना आडनावावर चालत नाही. तिथले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, गाव, खातं आणि साल या क्रमाने लावलेले असतात.

पुढच्या काही वर्षांत दुसरी गोष्ट उमगली. सरकारदरबारी कोणाचंही नाव कौतुकाने लिहिलेलं नसतं. त्याच्याकडून काही वसूल करायचं असतं किंवा त्याला काही द्यायचं असतं, म्हणून ते लिहितात. सारा, भाडं, शाळेची फी, गिरणीचा पगार, रेशनची साखर, प्रेताचं सरण. म्हणून ‘माझे पणजोबा कोण होते?’ असं विचारत बसू नका. ‘ते कोणाचं देणं लागत होते आणि त्यांना कोणाकडून येणं होतं?’ असं विचारा. या प्रश्नाचं उत्तर म्हणजे कचेऱ्यांची यादीच असते.

आधी ट्रंक, मग कचेरी

शोध घरातून सुरू करा. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक, देवघराखालचा खण, पोथीचं शेवटचं कोरं पान. पूर्वी पुष्कळ घरांत मुलांचे जन्म, तिथी-वारासकट, पोथीच्या त्या पानावर लिहून ठेवत. जुनी रेशनकार्डं फेकू नका. मुंबईत रेशनिंग १९४३ मध्ये सुरू झालं आणि कार्डावर घरातल्या सगळ्यांची नावं एकत्र येतात. चाळीच्या भाडेपावत्या, गिरणीचा पास, प्रॉव्हिडंट फंडाच्या पावत्या, गावाला धाडलेल्या मनीऑर्डरींचे तुकडे, जन्मपत्रिका, लग्नपत्रिका, सगळं एका सतरंजीवर पसरा आणि फोनवर फोटो काढा. मूळ कागद उन्हात वाळवू नका आणि त्यांना चिकटपट्टी लावू नका. चिकटपट्टीने कागद पिवळा पडतो आणि पुढे अक्षरंही खाल्ली जातात.

लग्नपत्रिका फार बोलका कागद आहे. ‘आमचे येथे श्रीकृपेंकरून’च्या खालची निमंत्रकांची यादी वाचा. कोण ‘काका’ म्हणून आहे, कोण ‘मामा’ म्हणून, कोणत्या नावाआधी ‘कै.’ लागलं आहे. पाच पत्रिका सालवार लावल्या की कोण कधी गेलं याचा अंदाज येतो.

मग म्हाताऱ्या माणसांशी बोला. पण ‘आजी, घराण्याचा इतिहास सांग’ असं म्हटलंत तर आजी म्हणेल, ‘मला काय माहीत बाबा.’ तिला असं विचारा: तुझ्या लग्नात वऱ्हाड कुठून आलं? बोटीने की लाल डब्याच्या एसटीने? पहिलं बाळंतपण कुठे झालं? माहेरचं ग्रामदैवत कुठलं? लग्नात देवक कसलं? गावात आपल्या वाडीशेजारी कोणाची घरं? माझ्या एका मावशीला साल एकही आठवलं नाही, पण ‘धाकटा झाला तेव्हा गिरण्या बंद होत्या’ हे तिने ठामपणे सांगितलं. दत्ता सामंतांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, त्यामुळे साल आपोआप सापडलं.

एक धोक्याची सूचना आत्ताच देतो. कागदावर जन्मतारीख १ जून दिसली की तिच्यावर विश्वास ठेवू नका. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पालकांना तारीख ठाऊक नसायची, म्हणून मास्तर १ जून लिहून मोकळे व्हायचे. एका अख्ख्या पिढीतला अर्धा महाराष्ट्र एकाच दिवशी जन्मला आहे! साल मात्र बरंचसं जवळपास असतं, एखाददुसरं वर्ष इकडेतिकडे.

गाव कोणत्या जिल्ह्यात होतं?

एक साधी वही घ्या. प्रत्येक माणसाला एक पान, त्यावर नाव, त्याचं कोणाशी काय नातं, ते कोणी सांगितलं किंवा कोणत्या कागदात दिसलं आणि तारीख. ‘कोणी सांगितलं’ हा रकाना सुरुवातीला फालतू वाटतो. दोन वर्षांनी दोन काका दोन वेगळ्या गोष्टी सांगतात तेव्हा त्याची किंमत कळते.

त्यानंतर गावाची जुनी हद्द शोधा. जिल्हे आज नकाशावर दिसतात तसे पूर्वी नव्हते. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होता. रायगडाचं नाव तेव्हा कुलाबा होतं. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा हा भाग जंजिरा संस्थानचा होता आणि सावंतवाडी हे वेगळं संस्थान होतं. सांगली जिल्ह्याला १९६० पर्यंत दक्षिण सातारा म्हणत. पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून निघाला. मुंबईतही तेच. साष्टीतली गावं, म्हणजे पार्ले, अंधेरी वगैरे, १९२० मध्ये उपनगर जिल्हा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यात होती. महापालिकेची हद्द १९५० मध्ये वाढली आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत पोचली. तेव्हा तुमचं घराणं मूळचं बोरिवलीचं असेल तर १९३० सालचा जन्म मुंबई महापालिकेच्या रजिस्टरात शोधू नका. तो तिथे असणारच नाही.

जुन्या हद्दी समजायला ब्रिटिशकाळातले गॅझेटियर वाचावेत. रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८० चा आहे. मुंबई शहराचे तीन खंड १९०९-१० चे आहेत. ते राज्याच्या दर्शनिका विभागाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. त्यांत तुमच्या पणजोबांचं नाव नसेल, पण ते कोणत्या बंदरातून बोटीत चढले असतील हे कळतं.

मुंबईतल्या नोंदी

जन्म-मृत्यूच्या नोंदी महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात, आरोग्य खात्याकडे असतात. घटना ज्या वॉर्डात घडली त्या वॉर्डात नोंद, राहत्या वॉर्डात नव्हे. गिरगावचा माणूस केईएममध्ये वारला तर नोंद परळच्या बाजूला. अंदाजे साल, वडिलांचं नाव आणि इस्पितळाचं नाव घेऊन जा आणि ‘या पाच वर्षांत शोधून द्या’ असा शोध अर्ज करा. जुन्या जन्मनोंदींत बाळाच्या नावाची जागा पुष्कळदा कोरीच असते, कारण नोंद बारशाआधी व्हायची. तिथे बाप, आई आणि पत्ता यांवरूनच ओळख पटवावी लागते. मृत्यूची नोंद सापडत नसेल तर स्मशानाचं रजिस्टर आठवा. चंदनवाडी, भोईवाडा, शिवाजी पार्क, वरळी, जे घराजवळ असेल ते.

इथे एक खोच आहे, तिने मला आठ महिने फिरवलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. त्यामुळे चाळीत राहणाऱ्या जोडप्याचं थोरलं मूल मुंबईत जन्मलेलंच नसतं. त्याची नोंद आईच्या माहेरच्या गावात, म्हणजे दुसऱ्याच तालुक्यात असते. धाकटी भावंडं मात्र मुंबईत. थोरल्याची नोंद मिळत नाही म्हणून हताश होऊ नका. उलट ती ज्या गावात मिळेल ते आजीचं माहेर.

शाळेचं जनरल रजिस्टर मला सगळ्यांत आवडतं. त्यात मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात, आधीची शाळा, शाळा सोडल्याचं कारण असं सगळं एका ओळीत असतं. ‘जन्मस्थळ’ या रकान्यात कित्येकदा गाव आणि तालुका दोन्ही सापडतात. महापालिकेच्या मराठी शाळा बंद झाल्या किंवा दुसऱ्या शाळेत विलीन झाल्या तर रजिस्टर कुठे गेलं हे वॉर्डातल्या शिक्षण विभागात विचारावं लागतं. मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्या, नातं लिहा आणि परीक्षेच्या दिवसांत जाऊ नका.

गिरणी कामगाराच्या घरचे असाल तर तिकीट नंबर, म्हणजे गिरणीतला कामगाराचा क्रमांक, शोधा. तिकीट नंबर, खातं आणि गिरणीचं नाव या तीन गोष्टींवर सेवेचा पुरावा उभा राहतो. म्हाडाच्या घरांसाठी हजारो वारसांनी हेच कागद गोळा केले. त्यामुळे तुमच्याच नात्यात कोणाकडे तरी फाईल तयार असण्याची शक्यता मोठी आहे. चुलत भावाला विचारायला लाज वाटू देऊ नका. बीडीडी किंवा बीआयटी चाळीत घर असेल तर भाडेकरूच्या नावबदलाचे कागद बघा. आजोबांच्या नावावरून खोली काकांच्या नावावर होताना सगळ्या वारसांची नावं लिहून घेतलेली असतात. झोपडपट्टीत घर असेल तर १९७६ च्या गणनेनंतरचा फोटोपास शोधा. मुंबईत मृत्युपत्र केलं असेल तर उच्च न्यायालयातलं प्रोबेटचं प्रकरण पाहण्यासारखं असतं. पण आमच्यासारख्यांच्या घराण्यांत मृत्युपत्र करण्यासारखं काही नसे, तेव्हा ते सोडून पुढे जाऊ.

आता एक असा कागद, जो कुठल्याही सरकारी यादीत नाही. तो म्हणजे गावच्या मुंबईकर मंडळाची वही. कोकणातल्या आणि घाटावरच्याही कित्येक गावांच्या गिरणगावात सामायिक खोल्या होत्या. एका खोलीत वीस-वीस चाकरमानी, कोणी दिवसपाळीला, कोणी रातपाळीला. त्या खोलीचं भाडं, देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी, शिमग्याला गावी पाठवलेली रक्कम, सगळं कोणीतरी हिशेबनीस टिपून ठेवायचा. मला आमच्या मंडळाची १९४० च्या दशकातली वही लाडू बांधायच्या कागदांच्या गठ्ठ्यात मिळाली. तिच्यात माझ्या आजोबांच्या नावापुढे तीन महिने ‘बाकी’ असं लिहिलं होतं. ते तेव्हा टायफॉइडने आजारी होते हे घरात सांगत. वहीने त्याला दुजोरा दिला. मंडळाची रौप्यमहोत्सवी, सुवर्णमहोत्सवी स्मरणिका असेल तर तीही मागा.

घराण्यात कोणी खलाशी असेल तर आणखी एक जागा बघा. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या भारतीय खलाशांचं स्मारक मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. त्यावर दोन हजारांहून जास्त नावं आहेत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर ही नावं फुकट शोधता येतात. पण इंग्रजी स्पेलिंगचा भरवसा नाही, चार तऱ्हांनी टाकून पाहा.

जनगणनेच्या कागदांच्या मागे मात्र लागू नका. इंग्रजी संकेतस्थळं वाचून माणसं तिकडे वळतात, पण आपल्याकडे जनगणनेतली व्यक्तीची माहिती १९४८ च्या कायद्याने गोपनीय आहे.

ग्रंथालयात काय मागायचं

मुंबईत तीन ठिकाणांपासून सुरुवात करावी आणि तिघांचा स्वभाव वेगळा आहे.

पहिलं, दादरच्या नायगावातलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचं संदर्भ ग्रंथालय. संस्था १८९८ ची. इथे कुलवृत्तांत मागा. कुलवृत्तांत म्हणजे घराण्याची छापील वंशावळ, शाखावार आणि गाववार. अशी पुस्तकं मराठीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून निघत आली आहेत. त्याशिवाय ज्ञातींची मासिकं, संमेलनांचे अहवाल, जुनी नियतकालिकं इथे बांधून ठेवलेली असतात. ज्ञातिमासिकात ‘शिष्यवृत्ती मिळाली’, ‘दुःखद निधन’, ‘वधू पाहिजे’ अशा चार ओळींच्या बातम्या असतात. त्यांच्यासाठीच तो अंक उघडायचा.

कुलवृत्तांताबद्दल दोन शब्द. ही पुस्तकं बहुतेक त्या घराण्यांची निघाली ज्यांच्याकडे लिहिणारा माणूस, छपाईला पैसा आणि दाखवायला जमीन होती. जुन्या कुलवृत्तांतात मुलगे क्रमाने असतात, मुली ‘कन्या दोन’ एवढ्यावर संपतात. मूळ पुरुष तर कुठून कुठून आणलेला असतो. तेव्हा अलीकडच्या चार-पाच पिढ्या उपयोगी धराव्यात, त्यामागच्या कथा म्हणून वाचाव्यात. आणि तुमच्या आडनावाचा कुलवृत्तांत नाही म्हणून मन छोटं करू नका. सारा भरणाऱ्याचा, वतनावर राबणाऱ्याचा, गिरणीत तिकीट लावणाऱ्याचा कागद सरकारने आणि मालकाने ठेवला आहे, आणि तो जास्त खरा आहे. त्यात कोणी स्वतःची स्तुती लिहिलेली नाही.

दुसरं ठिकाण, टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी. संस्था १८०४ ची, इमारत १८३३ ला पुरी झाली. त्याच इमारतीत राज्याचं मध्यवर्ती ग्रंथालयही आहे. ग्रंथ समर्पणाच्या कायद्याखाली देशभरातली नवी पुस्तकं इथे येतात. जुनी वर्तमानपत्रं, सरकारी अहवाल, डिरेक्टऱ्या यांसाठी इथे जावं. ‘ग्रंथसंजीवनी’ या एशियाटिकच्या ऑनलाइन संग्रहात पुष्कळ काही घरबसल्या दिसतं. सभासद नसाल तर वाचनाची परवानगी कशी मिळते ते फोनवर विचारून मगच त्या पायऱ्या चढा. गुडघे दुखत असतील तर हे वाक्य दोनदा वाचा.

वर्तमानपत्रात शोधायचं तर तारीख हातात हवी, नाहीतर वर्षभराचे अंक चाळूनही काही मिळत नाही. निधनवार्ता साधारण पहिल्या आठ-दहा दिवसांत येते. लोकसत्ता १९४८ चा, मराठा १९५६ चा, महाराष्ट्र टाइम्स १९६२ चा. त्याआधीच्या बातम्यांसाठी नवाकाळ, केसरी वगैरे. राजपत्रातल्या नावबदलाच्या जाहिरातीही विसरू नका. आपल्याकडे आडनाव बदलणं अजिबात दुर्मीळ नाही. गावाकडचं उपहासाचं वाटणारं आडनाव टाकून मुंबईत कोणी गावाच्या नावाला ‘कर’ लावला, कोणी कुळीचं नाव घेतलं. तिथे आडनावाची साखळी तुटते आणि राजपत्र ती जोडतं.

तिसरं ठिकाण, काळाघोड्याला एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतलं पुराभिलेख संचालनालय. दप्तरखाना म्हणून त्याची सुरुवात १८२१ ची. इथे जाताना अपेक्षा नेमकी ठेवा. इथले ग्रंथ मुंबई सरकारच्या खात्यांचे आहेत: महसूल, न्याय, राजकीय, सार्वजनिक. ते खातं आणि सालाप्रमाणे लावलेले आहेत. सामान्य रयतेचं नाव त्यांत क्वचित. पण घराण्यात इनाम होतं, कोणी सरकारी नोकर होता, कोणी अर्ज-फिर्याद केली, गावात दुष्काळ किंवा प्लेग आला, तर इथे बसण्यात अर्थ आहे. पेशवेकालीन मोडी कागद पाहिजे असतील तर पुण्याचा पेशवे दफ्तरखाना. संचालनालयाची दालनं कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही आहेत. कोल्हापूर संस्थानातल्या गावाचा माणूस मुंबईच्या दप्तरात शोधून कसा मिळेल?

जाताना ओळखपत्र, अर्ज, शक्य असेल तर एखाद्या संस्थेचं शिफारसपत्र आणि पेन्सिल न्या. पेन बाहेरच ठेवायला लावतात. फोटो आणि नकलांचे दर-नियम आधी विचारा. पहिल्या दिवशी ग्रंथ मागवू नका, फक्त सूची वाचा आणि ग्रंथक्रमांक उतरवा. सूची वाचायचा कंटाळा आला म्हणून मी एकदा ‘रत्नागिरी’ दिसलेला पहिला ग्रंथ मागवला. चारशे पानं बंदरावरच्या जकातीची निघाली. तसा तोही दिवस वाया गेला नाही, सुक्या मासळीवर जकात किती होती ते कळलं.

गावाकडचा कागद

खरं घबाड इथे आहे, आणि त्यातलं बरंच आता मुंबईत बसून बघता येतं. महसूल खात्याच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर जुने स्कॅन केलेले सातबारे आणि फेरफार मिळतात. जिल्हा, तालुका, गाव, गट किंवा सर्वे नंबर टाकायचा.

आजचा सातबारा उघडा. त्यावर फेरफार क्रमांक असतात. तो एकेक क्रमांक म्हणजे जमिनीच्या मालकीत झालेला एकेक बदल, आणि गाव नमुना ६ मध्ये त्याची हकिगत लिहिलेली असते. शेवटच्यापासून मागे जा. ‘अमुक मयत, वारस अमुक अमुक’ अशी वारसनोंद सापडली की एक पिढी हाती लागली. असं करत करत हक्कनोंदणीच्या सुरुवातीपर्यंत जाता येतं. मुंबई इलाख्यात त्याचा पहिला कायदा १९०३ चा आणि पुढची तरतूद १९१३ ची. वाटेत कुळकायद्याच्या नोंदी भेटतील. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या तारखेच्या आसपास ‘कूळ’ म्हणून असलेला तुमचा आजोबा ‘मालक’ होताना दिसेल. कोकणात त्याआधी खोत, म्हणजे गावचा सारा वसूल करणारा, असतो. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. तुमचं घर खोताचं असो की कुळाचं, दोघांची नावं एकाच पानावर सापडतात.

मध्येच नंबर जुळेनासा झाला तर घाबरू नका. जमिनींच्या एकत्रीकरणात सर्वे नंबर जाऊन गट नंबर आले. जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो.

जमीन नव्हती? मग गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. गावातल्या जन्ममृत्यूंची ही वही, ती तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असते. जमीन असो-नसो, जन्माला प्रत्येक जण यायचा आणि त्याची नोंद या वहीत व्हायची. जुन्या वह्या मोडीत आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत या वह्या धुंडाळून स्कॅन केल्या गेल्या. अनेक जिल्हाधिकारी कार्यालयांच्या संकेतस्थळांवर त्या गाववार आहेत. आरक्षणाच्या वादात तुमची बाजू कोणतीही असो, वंशावळ शोधणाऱ्याला हा आयता खजिना आहे. त्याच गावच्या शेजाऱ्यांच्या नोंदीही वाचा, वाडीची रचना कळते.

जुन्या कागदांत आडनाव नसतंच मुळी. तिथे भाषा वेगळी आहे. ‘राघो बिन सिदोजी’ म्हणजे सिदोजीचा मुलगा राघो. ‘वल्द’ म्हणजेही तेच. ‘सखू कोम धोंडू’ म्हणजे धोंडूची बायको सखू. ‘भ्रतार’ लिहिलं असेल तर पुढचं नाव नवऱ्याचं. ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालन करणार, अर्थात अल्पवयीन वारसाचा पालक, ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. नातवाला आजोबाचं नाव ठेवायची पद्धत असल्यामुळे ‘राघो सिदोजी’ आणि ‘सिदोजी राघो’ आलटून पालटून पाच पिढ्या येतात. मी एकदा पणजोबा समजून त्यांच्याच आजोबांची सगळी फाईल तयार केली होती. म्हणून प्रत्येक नावाला साल चिकटवल्याशिवाय वंशावळीत चढवू नका.

आता बायकांची नावं. सरकारला त्यांच्याकडून सारा नको होता, म्हणून सरकारने त्यांना लिहिलं नाही. लग्नात नाव बदललं, आडनाव बदललं, गाव बदललं. पण तीन जागी त्या उगवतात. नवरा वारला आणि मुलगे लहान असले तर ‘अ. पा. क. आई’ म्हणून. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या कोपऱ्यात, विधवा किंवा बहीण म्हणून. आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या वारसनोंदींत, मुलगी म्हणून. यातला तिसरा प्रकार अनेकदा हक्कसोडपत्राच्या रूपाने येतो. बहिणीने भावाला हक्क सोडून दिला तेव्हाच तिचं सासरचं पूर्ण नाव, वय आणि गाव कागदावर आलं. तिचं जमिनीवरून नाव गेलं त्याच कागदाने ती आपल्याला सापडते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सूची क्रमांक दोन मागितली तर असे दस्त शोधता येतात.

ऑनलाइन न मिळालेल्या कागदासाठी तहसीलला नकलेचा अर्ज करा. त्यावर कोर्ट फी स्टॅम्प लावा, गाव, नमुना आणि साल ठळक लिहा. गणपतीला किंवा शिमग्याला गावी जाल तेव्हा सरकारी सुट्ट्या मोजूनच जा. अर्धं कोकण त्याच आठवड्यात तहसीलच्या दारात असतं. तलाठ्याला, म्हणजे हल्लीच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, आदल्या दिवशी फोन केलेला बरा.

मोडी आणि सालांचा गुंता

मोडी पाहून माणसं इथेच थांबतात. अक्षरं आधी आखलेल्या रेघेला लटकवलेली, शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्वदीर्घाचा हिशेब नाही. पण आपल्याला अख्खं पत्र वाचायचं नसतं. कोतवाल बुकातल्या नोंदी ठरावीक साच्याच्या असतात. आपलं गाव, आडनाव, घरात फिरणारी सात-आठ नावं, ‘बिन’, ‘कोम’, ‘मयत’ आणि आकडे एवढं ओळखता आलं की काम होतं. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, परीक्षाही असते. नाहीतर पानामागे पैसे घेऊन लिप्यंतर करणारे मोडी वाचक आहेत. त्यांना पान देण्याआधी दोन वेगळ्या पानांवर आपलंच नाव वाचून घेऊन परीक्षा घ्या.

साल नुसतं आकड्यावरून धरू नका. शके असेल तर ७८ मिळवा: शके १८४३ म्हणजे इ. स. १९२१-२२. फसली, म्हणजे महसुली साल, असेल तर ५९० किंवा ५९१. सुहूर सन, ज्याला आरबी सनही म्हणतात, असेल तर ५९९ किंवा ६००, आणि ते अरबी शब्दांत लिहिलेलं असतं. ‘अर्बा सबैन मया व अलफ’ म्हणजे चार, सत्तर, शंभर आणि हजार. झाले ११७४, म्हणजे इ. स. १७७३-७४, नारायणरावाच्या खुनाचं साल. हे वर्ष मृगाच्या सुमाराला बदलतं, म्हणून तिथे दोन इसवी सालं लिहिणं शहाणपणाचं.

कचेरीबाहेरची माणसं

नाशिक-त्र्यंबकेश्वरला कोणी पूर्वज गेला असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत त्याने सही केलेली असू शकते, बरोबर आलेल्या माणसांच्या नावांसकट. पंढरपुरातल्या क्षेत्रोपाध्यायांकडेही अशा वह्या असतात. तिथे आडनावापेक्षा मूळ गाव सांगा. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे हेळवी समाजाची माणसं पिढ्यान्पिढ्या गावोगावच्या घराण्यांच्या वंशावळी सांभाळत आली आहेत. त्यांच्याकडे गेलात तर दक्षिणा हातचं राखून देऊ नका, ते त्यांचं काम आहे. वसईचे ख्रिस्ती, ईस्ट इंडियन किंवा गोव्याकडचे असाल तर पॅरिशची बाप्तिस्मा-लग्नाची रजिस्टरं इतकी नीट असतात की आम्हाला हेवा वाटतो.

मिळालेल्या प्रत्येक कागदाच्या फोटोला नाव देताना गाव, नमुना, साल आणि पान हे चारही घाला. ‘आयएमजी ४५७२’ नावाच्या सहाशे फोटोंमधून पणजोबा परत शोधणं हे पहिल्या शोधाहून अवघड जातं. एक संच पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या घरी. जिवंत माणसांची जन्मतारीख, जात, जमिनीचे नंबर असलेली पानं नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. आमच्याकडे एका फेरफाराच्या फोटोवरून दोन चुलत्यांनी चार महिने अबोला धरला होता. त्यात दोघांचाही हक्क नव्हता, ही गोष्ट वेगळी.

माझी पणजी मला अखेर १९२० च्या दशकातल्या एका फेरफारात सापडली. ‘अ. पा. क. आई भागी कोम’ आणि पुढे पणजोबांचं नाव. घरात तिचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं, सगळे तिला ‘म्हातारी’ म्हणत. तिचं माहेर अजून लागलेलं नाही. तिच्या थोरल्या मुलाची जन्मनोंद आमच्या गावच्या कोतवाल बुकात नाही, म्हणजे ती शेजारच्या कुठल्या तरी गावाच्या वहीत असणार. अशी अकरा गावं आहेत. त्यातली चार तपासून झाली, पाचव्याचा नकलेचा अर्ज गेल्या सोमवारी टाकला आहे.